आजारपणात आई माणसांपासून तुटते, तेव्हा मेंदूतल्या पेशींत काय घडत असते?

कृष्णाकाठ

मी सत्तावीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. मेंदूचा धडा आला की फळ्यावर चेतापेशी काढायची, तिचे फाटे दाखवायचे आणि पुढच्या धड्याकडे वळायचे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. मेंदूत चेतापेशींखेरीज इतरही पेशी असतात ही गोष्ट मी मुलांना कधी नीट उलगडून सांगितली नाही. आता तोच विषय घरात येऊन उभा राहिला आहे, म्हणून येथे विचारते.

आई ७९ वर्षांची आहे. वडील गेल्यापासून ती वाईच्या घरी एकटीच राहते. गेल्या श्रावणात तिला लघवीचा संसर्ग झाला. ताप फारसा नव्हता, पण दुसऱ्याच दिवशी तिने भिंतीकडे तोंड केले, रोज दुपारी ओट्यावर येऊन बसणाऱ्या शेजारणीला ओळख दिली नाही, आणि रात्री मला तिच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारू लागली. आमच्याकडची जुनी माणसे याला ‘वात झाला’ म्हणतात. पहिल्या डॉक्टरांनी ‘वय झाले, असे चालायचेच’ म्हणून काहीही न तपासता परत पाठवले. दुसऱ्यांनी लघवी तपासली, प्रतिजैविके दिली आणि जाता जाता एक वाक्य सांगितले: ‘मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी चवताळतात.’ दहाएक दिवसांत आई भानावर आली.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडलेली नाही. सगळ्यांकडे पाठ फिरवलेल्या आईने माझा पदर मुठीत इतका घट्ट धरला होता की औषध आणायला उठताना तिचे एकेक बोट सोडवावे लागले. माणसे नकोशी झाली होती, तर मग मीच का हवी होते?

तेव्हापासून तीन महिने ती भजनाला गेलेली नाही आणि ओट्यावरही क्वचितच बसते. म्हणून विचारते, की या मायक्रोग्लिया म्हणजे नेमके काय, त्या चवताळल्याने माणूस माणसांपासून दूर कसा होतो, आणि एकटे राहण्याने मेंदूतल्या पेशी खरोखर बदलतात का? बदलत असतील, तर सोबत मिळाल्यावर त्या पूर्ववत होतात का?

सूक्ष्मदर्शी

ताई, मी मूळची सोलापूरची. सध्या स्कॉटलंडमध्ये उंदरांच्या मेंदूतील मायक्रोग्लियांवर काम करते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आईंच्या उपचारांविषयी काही सांगणार नाही, पेशींविषयी सांगते. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्या मुठीतल्या पदराचे उत्तर मला तिथे दिसते.

मूत्राशयात जंतू वाढले की तिथल्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१, टीएनएफ अशी निरोप पोहोचवणारी प्रथिने सोडतात. हा निरोप मेंदूकडे रक्तातून जातो, आणि पोटातील अवयवांपासून मेंदूच्या देठापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या चेतेतूनही जातो. तिथे पोहोचल्यावर मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या राखणदार पेशी, आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी असेच निरोप स्वतः तयार करू लागतात. मग अन्नावरची वासना उडते, डोळे मिटू लागतात, अंग हलवावेसे वाटत नाही आणि माणसे नकोशी होतात. तापलेले मूल पांघरुणात शिरते आणि गोठ्यातले आजारी वासरू कोपरा धरते, ते याचमुळे. बेंजामिन हार्ट या अमेरिकी पशुवैद्यकांनी १९८८ मध्ये असे मांडले की हा निव्वळ अशक्तपणा नसून, संसर्गाशी झुंजताना शक्ती राखण्यासाठी प्राण्याच्या शरीराने घडवलेली वागण्याची एक रीतच आहे.

फ्रान्समधील बोर्दो येथे रॉबेर दांत्झेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे फार साध्या रीतीने मोजले. प्रौढ जनावराच्या पिंजऱ्यात एक अनोळखी पिल्लू सोडायचे आणि प्रौढ त्याला किती वेळ हुंगतो ते पाहायचे. निरोगी प्राणी उत्सुकतेने हुंगत राहतो. जिवाणूंच्या आवरणातील विषद्रव्य टोचले की पुढचे काही तास तो पिल्लाकडे फारसा फिरकत नाही. व्हेगस चेता आधी कापलेली असेल, तर विषद्रव्य देऊनही हे हुंगणे तितके घटत नाही. म्हणजे जनावराचे लोकांत मिसळणे किंवा न मिसळणे पोटातून निघालेल्या एका निरोपावर ठरत होते.

आता पदराकडे येते. लॉस एंजेलिस येथील नाओमी आयझेनबर्गर यांच्या गटाने निरोगी स्वयंसेवकांना अशाच विषद्रव्याचा अत्यल्प डोस दिला. २०१० मधील त्यांच्या निष्कर्षानुसार, काही तासांतच त्या माणसांना आपण इतरांपासून तुटल्यासारखे वाटू लागले. मात्र याच गटाने २०१५ मध्ये दुसरी बाजू दाखवली: या विषद्रव्याने दाह चढलेल्या, म्हणजे संसर्गाशी झुंजण्याची प्रतिक्रिया जागी झालेल्या, माणसांना स्वतःच्या जिवलगांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा सुखाच्या अपेक्षेशी निगडित असलेला मेंदूचा भाग अधिक जागा झाला आणि त्या जिवलगांजवळ असावे ही इच्छाही वाढली. आजारी मेंदू सगळ्या माणसांना सारखाच नकार देत नाही. परक्याकडे पाठ करतो आणि आधाराच्या माणसाला घट्ट धरतो. आईंच्या मुठीत नेमके हेच घडले, असे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही, पण तुमचे वर्णन वाचताना मला ही दोन्ही संशोधने लागोपाठ आठवली.

ओळख न पटणे, बरळणे हा मात्र याच्या पुढचा टप्पा. वैद्यकात त्याला डिलिरिअम म्हणतात आणि ती तातडीची अवस्था मानली जाते. वाढत्या वयात, किंवा मेंदूची झीज आधीच सुरू झालेली असल्यास, मायक्रोग्लिया जणू दारू ठासून ठेवलेल्या बंदुकीसारख्या असतात. कॉल्म कनिंगहॅम यांनी २००५ मध्ये मेंदूची झीज सुरू झालेल्या उंदरांना तेच विषद्रव्य पोटातून दिले, तेव्हा त्यांच्या मायक्रोग्लियांनी निरोगी उंदरांपेक्षा कितीतरी जास्त इंटरल्यूकिन-१ तयार केले. लहानसा संसर्ग म्हाताऱ्या माणसाला एवढा का हलवतो, याचे एक कारण त्यात सापडते.

‘चवताळतात’ या शब्दाने मात्र एक गैरसमज होतो, की एरवी या पेशी निजलेल्या असतात. पूर्वी पाठ्यपुस्तकांतही ‘विश्रांत मायक्रोग्लिया’ असेच लिहीत. २००५ मध्ये ॲक्सेल निमरयान आणि सहकाऱ्यांनी जिवंत उंदराची कवटी तासून पातळ केली आणि तिच्यातून खाली पाहिले, तेव्हा पेशीचे मधले अंग जागच्या जागी होते, पण तिचे बारीक फाटे सतत लांबत, आखडत, आजूबाजूला चाचपत होते. मी हे दृश्य प्रथम पडद्यावर पाहिले तेव्हा एकच चित्रफीत चार वेळा मागे नेऊन पाहिली होती.

काचपट्टी

मी शरीरविकृतिशास्त्राचा निवृत्त अध्यापक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण या पेशी मी आयुष्यभर काचपट्टीवर पाहिल्या.

चेतापेशींच्या मधल्या जागेतील पदार्थाला रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५० च्या दशकात ग्लिया, म्हणजे ग्रीक भाषेत डिंक, असे नाव दिले. या नावाने पुढच्या पिढ्यांचे बरेच नुकसान केले असे मला वाटते, कारण डिंकाला काही काम असेल असा विचारच कोणी लवकर केला नाही. माद्रिदमध्ये पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षाराचा नवा रंजक वापरून मायक्रोग्लिया इतर पेशींपासून वेगळ्या ओळखून दाखवल्या. साध्या रंजकात त्या सहज सुटून जातात. दिसते ते फक्त एक गडद, लांबट, किंचित वाकलेले केंद्रक, तांदळाच्या कणीसारखे. चांदीचा रंजक चढला की त्याच कणीला दोन्ही टोकांनी बाभळीच्या काटकीसारखे फाटे फुटलेले दिसतात. मेंदूज्वराने दगावलेल्या रुग्णाच्या मेंदूत याच पेशी मरणाऱ्या चेतापेशीभोवती कडे करून गाठ बांधतात. अशी गाठ एकदा पाहिलेला विद्यार्थी ती विसरत नाही.

चेतापेशींपेक्षा ग्लिया दहापट, हे वाक्य आम्हीही शिकवले, आणि ते चूक होते. सुझाना एर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या ब्राझीलमधील सहकाऱ्यांनी मानवी मेंदू विरघळवून त्यातील केंद्रके मोजली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा असा: सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळजवळ तेवढ्याच इतर पेशी. या इतर पेशींत मुख्य तीन. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टन चढवतात, ॲस्ट्रोसाइट रक्तवाहिनी आणि चेतापेशी यांच्यामधला व्यवहार सांभाळतात, आणि मायक्रोग्लिया राखण व सफाई करतात. मायक्रोग्लियांचे मूळही वेगळे आहे. फ्लोराँ जिनू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये उंदरांत दाखवले की त्या गर्भावस्थेच्या अगदी आरंभी पीतक कोशातून, म्हणजे गर्भाला जोडलेल्या पिशवीतून, मेंदूत शिरतात आणि पुढे तिथेच आपली संख्या राखून राहतात. मेंदूच्या बाकीच्या पेशींच्या घरात त्या बाहेरून येऊन कायमच्या राहिलेल्या आहेत.

सामाजिक वागण्याशी त्यांचा संबंध केवळ आजारपणापुरता नाही. मेंदू वाढत असताना गरजेपेक्षा जास्त चेतासंधी, म्हणजे चेतापेशींमधले जोड, तयार होतात आणि त्यांतील कित्येक मायक्रोग्लिया खाऊन टाकतात, जसा माळी द्राक्षवेलीची छाटणी करतो. रोमजवळच्या एका प्रयोगशाळेत रोझा पाओलिचेली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये असे उंदीर अभ्यासले, ज्यांच्या मायक्रोग्लियांना चेतापेशींचा एक ठरावीक संदेश ऐकू येत नव्हता. त्यांच्यात छाटणी लांबली. २०१४ मध्ये त्याच प्रकारच्या उंदरांत मेंदूच्या दूरच्या भागांतील संपर्क क्षीण आढळला आणि इतर उंदरांत मिसळण्याची ओढही कमी आढळली. माणसांतील पुरावा वेगळ्या दिशेने आला. २०१६ मध्ये सुमारे ६५,००० व्यक्तींच्या जनुकीय माहितीवरून असे दिसले की कोणती चेतासंधी छाटायची त्या खुणेशी संबंधित सी-४ या जनुकाची काही रूपे स्किझोफ्रेनियाची जोखीम वाढवतात. छाटणी कमी झाली तरी बाधते आणि अति झाली तरी बाधते, असे या संशोधनांवरून दिसते. स्किझोफ्रेनियाचे संपूर्ण कारण मात्र यात सापडले असे समजू नये.

मुंबईचे एक उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. मोठे डोके, हळूहळू अडखळणारी चाल आणि तुलनेने शाबूत राहणारी बुद्धी असलेली लहान मुले मुंबईतील चेताविकारतज्ज्ञ भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळली, आणि १९९० च्या दशकात त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. यांतील बरीच मुले अग्रवाल समाजातील होती. त्याच दशकात नेदरलँड्समध्ये मार्यो फान देर क्नाप यांनी हाच विकार स्वतंत्रपणे ओळखला. २००१ मध्ये या विकारामागचे एमएलसी-१ हे जनुक सापडले. त्याचे प्रथिन असते ॲस्ट्रोसाइटच्या पायांत, जे पाय रक्तवाहिनीला वेढून बसतात. चेतापेशीत मूळ दोष नाही, आणि तरीही मूल चालताना पडते. ज्या पेशीला आपण डिंक म्हणत होतो, तिच्यावर एवढे अवलंबून असते.

हुबळीकर

मी व्यवसायोपचारक, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारी, आहे आणि गेली अनेक वर्षे वृद्धांबरोबर काम करते. सूक्ष्मदर्शी यांनी लिहिलेले मला पटते, पण एका गोष्टीची काळजी वाटते. ताई, तीन महिन्यांनंतरही आई भजनाला जात नाहीत, याचे कारण मायक्रोग्लियाच आहेत असे कृपया धरून चालू नका. डिलिरिअममधून उठलेल्या माणसाला त्या दिवसांची धूसर, लाजिरवाणी आठवण असते. शेजारणीला आपण काहीतरी वेडेवाकडे बोललो, ही भीती त्याला घरात बसवते. काहींच्या बाबतीत हे नैराश्य असते, तर काहींच्या बाबतीत स्मृतिभ्रंशाची सुरुवात. साउथॅम्प्टनमधील क्लाइव्ह होम्स यांनी अल्झायमरच्या ३०० रुग्णांवर सहा महिने लक्ष ठेवले. ज्यांना त्या काळात संसर्गासारखे दाहक आजार झाले, त्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा लवकर ढासळली. त्यामुळे आईंची स्मृतिचाचणी एकदा करून घ्यावी आणि कानही तपासावेत.

एकटेपणाने पेशी बदलतात का, हा तुमचा तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०१२ मध्ये यावर दोन संशोधने आली आणि ती शेजारी ठेवून वाचावीत. बोस्टनमध्ये मानाबू माकिनोदान आणि गॅब्रिएल कोर्फास यांनी नुकतेच दूध सुटलेले उंदीर दोन आठवडे एकटे ठेवले. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातील ऑलिगोडेंड्रोसाइटांचे फाटे कमी राहिले, मायलिन पातळ राहिले, आणि पुढे सोबती देऊनही ते भरून आले नाही. न्यूयॉर्कमध्ये पात्रित्सिया कासाच्चा यांच्या गटाने प्रौढ उंदीर आठ आठवडे एकटे ठेवले. त्यांचेही मायलिन पातळ झाले, पण चार आठवडे पुन्हा कळपात राहिल्यावर ते सावरले. बालपणी एक खिडकी असते आणि ती बंद होते. प्रौढपणी मात्र सोबतीने पेशी पुन्हा कामाला लागते, निदान उंदरांत तरी.

माणसांच्या मुलांवर असा प्रयोग कोणी करू शकत नाही, पण रुमानियात परिस्थितीनेच तो घडवला. बुखारेस्टमधील अनाथालयांतील १३६ मुलांचा अभ्यास २००० मध्ये सुरू झाला. त्यांतील निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून पालक-कुटुंबांत पाठवली गेली. पुढे मेंदूची छायाचित्रे घेतली तेव्हा अनाथालयात राहिलेल्या मुलांच्या मेंदूतील पांढरा भाग, म्हणजे मायलिनयुक्त तंतूंचा भाग, कमी भरलेला होता, आणि कुटुंबात गेलेल्या मुलांत तो काही अंशी भरून निघाला होता. हे वाचून मी त्या दिवशी दुसरे काही काम करू शकले नाही.

एकोणऐंशी वर्षांच्या माणसाचे मायलिन सोबतीने किती सावरते, हे या उंदरांवरून आणि या मुलांवरून सांगता येत नाही. पण डिलिरिअम टाळण्याबद्दल मात्र माणसांवरचा भक्कम पुरावा आहे. शॅरन इनूये यांनी अमेरिकेत ७० वर्षांवरील ८५२ रुग्णांवर काम केले आणि १९९९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात औषध काहीच नव्हते. रुग्णाला दिवस आणि जागा सांगत राहणे, त्याच्याशी बोलणे, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, पाणी पाजणे, दिवसातून काही वेळा चालवणे, रात्री गोळीऐवजी कोमट पेय आणि शांतता देणे, एवढेच. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के रुग्णांना डिलिरिअम झाला, या वॉर्डात ९.९ टक्के रुग्णांना. माझ्या कामात मी याहून उपयोगी संशोधन पाहिलेले नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काचपट्टी सर, तांदळाची कणी आणि बाभळीची काटकी ही दोन चित्रे मला शाळेत असताना मिळायला हवी होती. हुबळीकर ताई, तुम्ही म्हणता ती लाज खरी असावी. काल मी सहज विषय काढला तेव्हा आईने एकच विचारले, ‘मी त्या दिवशी तिला काय बोलले गं?’ मी सांगितले की काहीच बोलली नाहीस, नुसती भिंतीकडे वळलीस. ती बराच वेळ गप्प होती.

आता एकच प्रश्न उरतो. या पेशींना शांत करणारे औषध आहे का? माझा भाऊ परदेशातून त्याबद्दल विचारतो आहे.

सूक्ष्मदर्शी

हुबळीकर ताईंनी केलेली दुरुस्ती मला मान्य आहे. तीव्र आजारातील एकलकोंडेपणा आणि तीन महिन्यांनंतरचा एकलकोंडेपणा यांना मी एकाच सुतात ओवायला नको होते.

औषधाबद्दल सांगायचे तर, मिनोसायक्लिन हे जुने प्रतिजैविक मायक्रोग्लियांचा दाह उतरवते असे प्राण्यांत वारंवार दिसले होते, म्हणून त्यावर मोठी आशा होती. ब्रिटनमध्ये सौम्य अल्झायमर असलेल्या ५४४ जणांना ते किंवा निष्क्रिय गोळी दोन वर्षे दिली गेली. स्मृतीच्या किंवा रोजच्या व्यवहाराच्या ऱ्हासात काहीही फरक पडला नाही. भावाला हे अवश्य सांगा, आणि त्याने कोणतीही गोळी परस्पर पाठवू नये हेही सांगा.

सरसकट शांत करण्यातली अडचण दुसऱ्या एका जनुकातून कळते. ट्रेम-२ हे मायक्रोग्लियांच्या पृष्ठभागावरील प्रथिन आहे आणि त्याच्या साहाय्याने त्या आजूबाजूचा कचरा ओळखतात. त्या जनुकाचे एक दुर्मीळ रूप असलेल्यांना अल्झायमरची जोखीम सुमारे तिप्पट असते, हे २०१३ मध्ये आइसलँडमधील एक आणि अन्य एक अशा दोन स्वतंत्र अभ्यासांत दिसले. ज्यांच्यात हे जनुक आई व वडील अशा दोन्ही बाजूंनी निकामी आलेले असते त्यांना तरुणपणीच हाडांत पोकळ्या होतात आणि चाळिशीच्या सुमारास स्मृतिभ्रंश येतो. म्हणजे इथे पेशी चवताळल्याने नव्हे, तर तिचे काम मंदावल्याने मेंदू ढासळतो. दाह हवा तेव्हा चढावा आणि काम झाले की उतरावा असे औषध आजच्या घडीला कोणाकडेही नाही. माझ्यासह अनेकजण प्रयोगशाळेत रोज सकाळी याच प्रश्नासमोर येऊन बसतात.

पुढच्या वेळी आईंच्या वागण्यात अचानक फरक पडला, ताप असो वा नसो, तर किती वाजल्यापासून पडला ते लिहून ठेवा आणि त्याच दिवशी लघवी व रक्त तपासायला सांगा. ‘वय झाले’ हे उत्तर तपासणीशिवाय स्वीकारू नका.